दाटलेले दूध आणि घरातील वडीलधारी

लेक किंवा सून बाळंतीण होऊन रुग्णालयातून घरी आली, की तिच्या खोलीचा कारभार आपल्या हाती येतो. शेक केव्हा द्यायचा, डिंकाचे लाडू कोणत्या दिवसापासून सुरू करायचे, बाळाला न्हाऊ घालायला कोणाला बोलवायचे, हे सारे आपण ठरवता आणि घरातील इतर मंडळी ते मानतात. या अधिकाराला लागूनच एक जबाबदारी येते. तिच्याविषयी रुग्णालयातून निघताना कोणी फारसे सांगत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बाळंतिणीचे स्तन दाटतात. ते जड, गरम आणि घट्ट होतात, कातडी ताणून चकचकीत दिसू लागते, हात लावू देववत नाही. पहिलटकरणीला तर हे काय चालले आहे तेच कळत नाही. त्या दिवशी आणि त्या रात्री घरात काय केले जाते व काय बोलले जाते, यावर पुढील कित्येक महिन्यांचे स्तनपान बरेचसे ठरते.

अडचण आहे ती वेळेची. नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रीला साधारणपणे दोन दिवसांनी घरी सोडतात, म्हणजे दूध उतरण्याच्या ऐन आदल्या दिवशी. सिझेरियन झाले असेल तर मुक्काम दोन-तीन दिवसांनी वाढतो. पण अशा वेळी दूधही पुष्कळदा थोडे उशिराच उतरते. परिचारिका हाताशी असते तेव्हा स्तन मऊ असतात, आणि ते दाटतात तेव्हा तिच्या जागी आपण असता. त्यातच पाचवीचा दिवस येतो. पाटा-वरवंट्याची पूजा, सटवाईसाठी ठेवलेला कोरा कागद आणि लेखणी, आल्यागेल्यांची वर्दळ. बाळ या हातातून त्या हातात जाते, ‘आत्ताच तर पाजले होते’ असे म्हणत दोन पाजण्यांमधले अंतर चार-पाच तासांवर जाते, आणि दिवेलागणीला बाळंतिणीची छाती दगडासारखी झालेली असते. पाचवी अवश्य करावी. मात्र त्या दिवशी बाळ दर दोन-तीन तासांनी आईच्या अंगावर लागेल, एवढे पाहण्याचे काम घरातील एका व्यक्तीने आपल्याकडे घ्यावे.

शरीरात काय घडते ते समजून घेतले, तर पुढचे उपाय पटायला सोपे जातात. गर्भारपणातच स्तनांत चीकदूध तयार झालेले असते. परंतु वार जागेवर असेपर्यंत तिच्यापासून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दुधाचा ओघ रोखून धरते. वार पडली की हा अडसर निघतो आणि दोन-तीन दिवसांत भरपूर दूध बनू लागते. त्यासाठी स्तनांकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि पेशींच्या भोवती पाणीही साठते. म्हणून या दिवसांतील फुगवटा केवळ दुधाचा नसतो. रक्त आणि सूज यांचा त्यात मोठा वाटा असतो. प्रसूतीच्या वेळी शिरेतून पुष्कळ सलाईन दिले गेले असेल, तर ही सूज आणखी जाणवते. ‘एवढे दूध आहे तर पिळून काढून टाका’ हा सल्ला फसतो तो याच कारणाने. सूज पिळून निघत नाही. उलट जोर लावला तर नाजूक ऊती दुखावतात आणि सूज वाढते.

थोडेसे भरून येणे, जड वाटणे हे नैसर्गिक आहे. ते दूध उतरल्याचे लक्षण आहे आणि बाळ नीट पीत असेल तर एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. त्रासदायक दाटणे त्याच्या पुढचे. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही घट्ट होतो, स्तनाग्र सपाट होऊन आत गेल्यासारखे दिसते आणि बाळाच्या तोंडात काही धरताच येत नाही. फुगवलेल्या फुग्याचा मधला भाग ओठांत पकडून पाहावा, तशी त्या जिवाची गत होते. ते केवळ टोक पकडते, टोकाला चिरा पडतात, आईला कळ येते, ती पाजणे टाळते, दूध साचून राहते आणि स्तन आणखी दाटतात. साचून राहिलेले दूध पुढील दूध बनण्याची गती मंदावते, अशी शरीराची व्यवस्था आहे. म्हणून आज दाटलेले दूध तसेच राहू दिले, तर आठवड्याभराने ‘दूध आटले’ ही तक्रार ऐकू येते.

या साखळीची पहिली कडी पुष्कळदा घरातच, दुसऱ्या दिवशी घडलेली असते. पहिले दोन दिवस बाळ सारखे रडते, आईच्या अंगावर थेंबभर पिवळसर चीक दिसतो, आणि कोणीतरी म्हणते, ‘हिला दूधच नाही.’ मग रात्री दहा वाजता दुधाच्या भुकटीचा डबा आणायला पाठवले जाते (आणि पाठवले जाते ते बहुधा आजोबांनाच; म्हणून हा मजकूर त्यांनीही वाचावा). नवजात बाळाचे पोट पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर दूध मावेल एवढेच असते, आणि चीकदूध तेवढेच येते. ते घट्ट असते, रोगप्रतिकारक घटकांनी भरलेले असते आणि त्या दिवसासाठी पुरेसे असते. बाटलीतल्या दुधाने पोट गच्च भरलेले बाळ चार तास झोपते, घर निवांत होते, आणि तिकडे स्तन रिकामे करणारे कोणी उरत नाही. ज्या घरात दुसऱ्या दिवशी ‘दूध नाही’ म्हटले गेले, त्याच घरात चौथ्या दिवशी दूध दाटून बाळंतीण रडते. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. ते जरूर द्यावे आणि त्याच वेळी आईचे दूध हाताने काढत राहावे. मध, गूळपाणी, गुटी यांना मात्र या वयात जागाच नाही. मधातून एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

आता उपायांकडे वळू. सर्वांत मोठा उपाय म्हणजे बाळाने वारंवार आणि नीट पिणे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, घड्याळाकडे पाहून नव्हे तर बाळाने तोंड हलवले, मूठ चोखली, मान वळवून शोध घेतला की लगेच. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून लाल झालेले बाळ दाटलेला स्तन धरूच शकत नाही. झोपाळू बाळाला तीन तासांनंतर हळूच उठवावे, दुपटे सैल करावे, तळपायाला गुदगुल्या कराव्यात. रात्रीचे पाजणे चुकवू नये. ‘पोरीला झोप मिळू दे’ या मायेने आजी रात्री बाटली देते. माया खरी, पण सकाळी लेक दुखण्याने कळवळत उठते. त्यापेक्षा बाळाला आईजवळ आपण नेऊन द्यावे, पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, झोपवणे हे सारे आपण करावे. आईची झोप अशानेही वाचते.

बाळ स्तन धरू शकत नसेल तर आधी तो काळसर भाग मऊ करावा लागतो. याची एक साधी रीत आहे आणि ती आईला स्वतःच्या हातांनी करता येते. तिने हात धुऊन मागे रेलून बसावे किंवा उताणे निजावे. दोन्ही हातांची बोटे, नखे कापलेली, स्तनाग्राच्या अगदी मुळाशी चहूबाजूंनी टेकवावीत आणि छातीच्या दिशेने हलकेच आत दाबून साठपर्यंत सावकाश मोजावे. मग बोटांची जागा थोडी फिरवून पुन्हा तसेच करावे. यात दूध काढायचे नसते; तिथली सूज थोडा वेळ मागे सारायची असते. दुखता कामा नये. एक-दोन मिनिटांत तिथे लहान खळगे पडल्यासारखे दिसतात, भाग लवचीक होतो, आणि त्याच क्षणी बाळाला लावायचे. थोडा उशीर झाला तर सूज परत येते, म्हणून बाळाला हाताशी घेऊन आपण शेजारी बसावे.

एवढ्याने भागले नाही तर थोडे दूध हाताने काढावे. अंगठा वरच्या बाजूला आणि पहिली दोन बोटे खालच्या बाजूला, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे आणून सोडावे. बोटे कातडीवर घासू नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. आराम पडेपर्यंत, बाळाला धरता येईल इतकेच काढावे. पंपाने दोन्ही बाजू दिवसातून अनेकदा पूर्ण रिकाम्या केल्या, तर एवढ्या दुधाची गरज आहे असे शरीर समजते आणि दुसऱ्या दिवशी दाटणे वाढते.

ज्यांच्या घरी गाय-म्हैस होती त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. धार काढण्यापूर्वी वासराला आधी सोडतात, कास धुतात, पाठीवर हात फिरवतात. मग गाय पान्हा सोडते. अनोळखी माणूस आला, ओरडाआरडा झाला, की ती पान्हा चोरते. कास भरलेली असूनही धार येत नाही. माणसांतही तेच घडते. बाळाच्या स्पर्शाने, वासाने, रडण्याने आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते, त्याने दुधाच्या पेशींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आवळतात आणि दूध वाहू लागते. भीती, वेदना, अपमान यांनी हा पान्हा अडतो. ‘तुझ्या वेळी मी सात दिवसांत विहिरीवर गेले होते’, ‘शेजारच्या सुनेला तर केवढे दूध आहे’, ‘तुला पाजताच येत नाही’, अशी वाक्ये दाटलेल्या स्तनांवर शेकापेक्षा अधिक परिणाम करतात, आणि तो उलटा. पाजण्याच्या वेळी खोलीतील पाहुण्यांना बाहेर चहा द्यावा, दार लोटावे, पाठीशी उशी द्यावी, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. तिच्या पाठीवर, खांद्यांवर दोन मिनिटे हलका हात फिरवला तरी पान्हा लवकर फुटतो.

बाळ नीट लागले की नाही हे आपण डोळ्यांनी पाहू शकता. तोंड जांभईइतके उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळसर भाग खालच्या बाजूला तोंडात आणि वरच्या बाजूला थोडा उघडा. चोखताना मधूनमधून गिळण्याचा आवाज यावा. टाक्यांमुळे पोटावर भार नको असेल, तर बाळाला काखेखाली धरून, त्याचे पाय आईच्या पाठीकडे करून पाजता येते. एक बाजू मऊ होईपर्यंत पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. दुसरी बाजू बाळाने घेतली नाही, तर तिथून आरामापुरते दूध हाताने काढावे.

शेकाविषयी आपल्याकडे ठाम मते असतात, म्हणून थोडे सविस्तर. पाजण्याच्या अगदी आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात पिळलेला पंचा ठेवला, तर बरे वाटते आणि दूध वाहायला मदत होते. त्याहून अधिक वेळ किंवा अधिक उष्ण शेक दिला, तर तिकडे रक्त आणखी ओढले जाते व सूज वाढते. शेगडीचा शेक छातीला मुळीच देऊ नये. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात उपयोग होतो तो गारव्याचा. गार पाण्यात भिजवलेली घडी किंवा रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. ‘बाळंतिणीला गार लागू नये’ हा आपला जुना दंडक आहे, आणि थंडीवाऱ्यापासून तिला जपण्यामागचा हेतूही चांगला आहे. पण पायात मोजे, अंगावर शाल असताना स्तनांवर थोडा वेळ गार घडी ठेवल्याने तिला वात होत नाही की बाळाला सर्दी होत नाही. बर्फ सोसवत नसेल तर साध्या पाण्याची घडी पुरते. कोबीची गार पाने ठेवण्याचा उपाय अनेक देशांत करतात. त्याचा पुरावा पक्का नाही. आराम बहुधा त्यांच्या गारव्याने पडतो. करायचाच असेल तर पाने स्वच्छ धुवावीत, स्तनाग्र मोकळे ठेवावे, पाने मलूल झाली की काढून टाकावीत आणि आराम पडल्यावर थांबावे. दक्षिणेकडे मोगऱ्याची फुले बांधण्याची जुनी रीत आहे, ती दूध आटवण्यासाठी. पाजायचे असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

मालिश करणाऱ्या बाईंना मात्र स्पष्ट सांगावे लागेल. पाठ, कंबर, पाय यांची मालिश खुशाल करावी. स्तनांवर तेल लावून गाठी फोडण्यासाठी चोळणे, मुठीने दाबणे, कंगव्याने ओढणे हे सारे बंद. स्तनपानाच्या वैद्यकाला वाहिलेल्या ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली स्तनदाहाविषयीची आपली मार्गदर्शिका नव्याने लिहिली. तिच्यात जोरकस मालिश आणि अति पंपिंग यांविरुद्ध सावध केले आहे. हात फिरवायचाच असेल तर तो मांजराच्या पिलाला गोंजारावे इतका हलका, स्तनाकडून काखेच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने असावा. सुजेचे पाणी त्याच वाटेने परत जाते. छाती पंचाने आवळून बांधणेही टाळावे. घट्ट चोळीपेक्षा सुती, रुंद पट्ट्यांचा, आधार देणारा पण न काचणारा पेहराव हवा.

अळीव, शतावरी, मेथी यांवर आपला विश्वास असतो. त्याला धक्का देण्याचे मला कारण नाही. परंतु या चार-पाच दिवसांत दूध वाढवण्याची गरजच नसते. स्तन दाटलेले असताना दूध वाढवणाऱ्या पदार्थांचा आग्रह थोडा बाजूला ठेवावा आणि भाजी-भाकरी, वरण-भात असे साधे पोटभर जेवण द्यावे. पाणी तोडू नये. पाणी कमी प्यायल्याने छाती हलकी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होते. वेदना असह्य असतील तर पॅरासिटामॉल स्तनपान करताना चालते; मात्रा डॉक्टरांना विचारून द्यावी आणि गोळी देण्यापूर्वी ताप मोजून लिहून ठेवावा. गोळीने ताप झाकला जातो, आणि तापाचा आकडा ही पुढची फार महत्त्वाची गोष्ट आहे.

‘दूध उतरतंय, म्हणून अंग तापलंय’ हे वाक्य आपण ऐकले असेल, कदाचित म्हटलेही असेल. स्तन दाटल्याने अंग किंचित गरम लागते, हे खरे. पण बाळंतिणीचा ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर तो दुधाचा आहे असे घरी बसून ठरवू नये. तो गर्भाशयातील जंतुसंसर्गाचा असू शकतो, टाक्यांचा असू शकतो, लघवीच्या मार्गाचा असू शकतो, आणि गर्भाशयाचा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. या गैरसमजाला फार जुना इतिहास आहे. अठराव्या शतकातील युरोपात मोठमोठे वैद्यही असे मानत, की बाळंतज्वर हा वाट चुकून शरीरात भलतीकडे गेलेल्या दुधामुळे होतो. १८४७ साली व्हिएन्नातील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने प्रसूतिकक्षात हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा तिथले बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. दोष दुधाचा नव्हता, न धुतलेल्या हातांचा होता. आज प्रतिजैविके हाताशी आहेत, पण ती वेळेवर मिळण्यासाठी कोणीतरी तापमापी लावावी लागते. बाळंतिणीच्या खोलीत तापमापी असावी आणि ती वापरणारी व्यक्ती आपण असावी. तापासोबत ओटीपोटात दुखत असेल, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी असेल, रक्तस्राव वाढला असेल, थंडी वाजत असेल किंवा ती ग्लानीत वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्तनांचा ताप वेगळा ओळखू येतो, पण त्यालाही डॉक्टर लागतातच. दोन्ही स्तन सारखे दाटलेले असतात तेव्हा ते बहुधा साधे दाटणे असते. एकाच स्तनावर पाचरीच्या आकाराचा लालसर, गरम, दुखरा पट्टा उमटला, अंग मोडून आले, ताप चढला, तर तो स्तनदाह समजावा. चोवीस तासांत उतार पडला नाही, किंवा सुरुवातीपासूनच ती फार आजारी दिसत असेल, तर विलंब करू नये. न विरघळणारी, दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखी वाटणारी गाठ असेल, तर पू झाल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करतात. या काळातही त्या बाजूने पाजणे सुरू ठेवता येते, आणि ठेवावेच. ‘नासलेले दूध’ म्हणून ते तोडले, तर गाठ वाढते.

एक गोष्ट घरात विनाकारण घबराट पसरवते, म्हणून तिचा उल्लेख करतो. काही स्त्रियांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी काखेत लिंबाएवढी दुखरी गाठ येते. स्तनांच्या ऊतींचा थोडा भाग काखेपर्यंत पसरलेला असतो, तोही दुधाच्या दिवसांत सुजतो. गार घडी ठेवावी, दाबू-फोडू नये. काही दिवसांत ती उतरते. राहिलीच तर तपासून घ्यावी.

आईच्या दुखण्याकडे पाहताना बाळाचा हिशेब सुटू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर शू, काळी शी जाऊन पिवळी शी, पाजल्यावर सैल पडलेल्या मुठी, या पोट भरल्याच्या खुणा. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि बहुधा दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येते. बाळ प्यायला उठतच नसेल, तोंड कोरडे असेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्यावे.

बाळ अतिदक्षता विभागात असेल, तर आई घरी रिकाम्या हातांनी येते पण स्तन दाटायचे थांबत नाहीत. तिथे दर दोन-तीन तासांनी, रात्रीही एकदा तरी, हाताने किंवा पंपाने दूध काढून रुग्णालयात पोहोचवणे हा दुहेरी उपाय आहे. बाळाला औषधासारखे दूध मिळते आणि आईला आराम. पोहोचवण्याचे काम आजोबा-काका करू शकतात. आपल्या बाळाला पुरून उरेल एवढे दूध असणाऱ्या माता दुग्धपेढीला दानही करतात. आशियातील अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली.

आणि ज्या घरी बाळ राहिले नाही, त्या घरी हे दाटणे दुःखावर डाग दिल्यासारखे असते. अशा वेळी कोणी विषय काढत नाही आणि ती मुलगी एकटी न्हाणीघरात रडते. आपण विषय काढावा. ‘छाती दुखते आहे का?’ एवढे विचारावे. दुखणे सोसवेल इतकेच दूध काढावे, गार घड्या, आधाराचा पेहराव, वेदनाशामक गोळी. हळूहळू दोन-तीन आठवड्यांत दूध थांबते. आवळून बांधू नये. गोळ्या देऊन दूध थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे.

सव्वा महिना उलटला, की सहसा हे दाटणे विसरले जाते. पुढे लेक-सून नोकरीवर परतते तेव्हा ते पुन्हा एकदा डोकावते. दुपारपर्यंत स्तन भरून येतात, कपडे भिजतात. तिने कामाच्या ठिकाणी तीन-चार तासांनी दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. आपल्या हवेत ते बाहेर चार तासांपर्यंतच ठेवावे, फ्रीजमध्ये चोवीस तासांत संपवावे. उकळू नये, डबा कोमट पाण्यात ठेवून गरम करावे आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजावे. संध्याकाळी ती निघाली की फोन करायला सांगावे. घरी पोहोचायला अर्धा-पाऊण तास उरला असेल तर बाळाला पोटभर पाजू नये. भुकेजले असेल तर दोन चमचे देऊन खेळवत ठेवावे. ती आली, हातपाय धुतले, की बाळ तिच्या हाती द्यावे. चहा नंतर.